अडनिडं वय : "पोरगा तालमीला जायचं नाव काढत नाही"

पत्र

नमस्कार डॉक्टर मॅडम, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगा साडेतेरा वर्षांचा, आठवीत आहे. सासरे जुने पैलवान, त्यांच्या हट्टानं त्याला तालमीत घातला आणि पोरगं रमलं पण तिथं. दिवाळीपासनं मात्र सकाळी उठायचं नाव काढत नाही. घरात पण शर्ट काढत नाही, अंघोळीला जाताना कपडे आत घेऊन जातो. एकदा तेल लावायला बसवला तेव्हा हाताला लागलं, डाव्या बाजूला छातीच्या बोंडाखाली सुपारीएवढी गाठ आहे, हात लावला की ओरडतो. तालमीतली पोरं त्याला मुलीच्या नावानं हाक मारतात असं पुतण्याकडनं कळलं. दुसरं म्हणजे, पहाटे उठून चादर आणि चड्डी स्वतःच धुऊन टाकतो, विचारलं तर पाणी सांडलं म्हणतो. सासऱ्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी जेवताना सगळ्यांसमोर सुनावलं, "ताकद चालली पोराची, एक थेंब म्हंजे शंभर थेंब रक्त". मिस्टरांना कुणीतरी एका औषधवाल्याचा नंबर दिलाय, तीन महिन्यांचा कोर्स, अकरा हजार रुपये. मोठ्या मुलीची पाळी आली तेव्हा मी तिला सगळं नीट सांगितलं होतं, पण मुलाचं मला काय माहीत? गाठ म्हणजे कॅन्सर तर नसेल? ब्रॉयलर चिकनमुळं होतं असं जाऊबाई म्हणाल्या म्हणून चिकन बंद केलंय. काय करू? — एक आई

उत्तर

ताई, कॅन्सरची भीती आधी डोक्यातनं काढा. साडेतेरा वर्षांच्या मुलाला छातीचा कॅन्सर ही गोष्ट इतकी दुर्मिळ आहे की आमच्यासारख्या मुलांच्या डॉक्टरांना अख्ख्या आयुष्यात ती बघायला मिळत नाही. बोंडाच्या बरोबर खाली, सुपारीएवढी, दाबली की दुखणारी, एका बाजूला जरा जास्त, आणि वय तेरा-चौदा, हे वर्णन तुम्ही इतकं बरोबर लिहिलंय की एखादा एमबीबीएसचा पोरगा परीक्षेत एवढं लिहील तर मी त्याला पास करीन. एकदा डॉक्टरांना हात लावून बघू दे, ते मी खाली सांगतेच, पण कोर्स वगैरे काही लागत नाही आणि अकरा हजार तर अजिबात लागत नाहीत.

ह्याला डॉक्टरी भाषेत गायनेकोमास्टिया म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास, काही ठिकाणच्या पाहण्यांत तर त्याहून जास्त मुलांना हे थोडंफार होतं. म्हणजे तुमच्या पोराला नावं ठेवणाऱ्या त्या टोळक्यात दहा पोरं असतील तर चार-पाच जणांना स्वतःला होऊन गेलंय, नाहीतर होणार आहे, आणि जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय तो बनियन न काढणाऱ्यांतलाच असतो बऱ्याचदा.

होतं कसं ते सांगते, कारण "हार्मोन बदलतात" एवढं सांगून कुणाचंच समाधान होत नाही. पुरुषाच्या अंगात पण स्त्रीचं हार्मोन, इस्ट्रोजेन, थोडं असतंच, आणि बाईच्या अंगात पुरुषाचं. मुलगा वयात यायला लागला की मेंदूकडनं हुकूम सुटतो, अंडकोष टेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात, पण त्यातलं काही टेस्टोस्टेरॉन शरीर आपलं आपणच इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, हे काम बरंचसं चरबीत चालतं. सुरवातीच्या वर्ष-दीड वर्षात टेस्टोस्टेरॉन अजून पुरतं चढलेलं नसतं, रात्री झोपेत वाढतं दिवसा उतरतं असा खेळ चाललेला असतो, त्यामुळं काही महिने पारडं इस्ट्रोजेनकडं झुकतं. छातीच्या बोंडाखाली स्तनाची थोडी पेशी प्रत्येक पुरुषाला जन्मापासनं असते, ती तेवढ्यात फुगते. पुढं टेस्टोस्टेरॉन पूर्ण चढलं की आपोआप बसते. बहुतेक मुलांचं सहा महिन्यांपासनं दोन वर्षांपर्यंत जिरून जातं. गोळी नाही, लेप नाही, मालीश तर नाहीच नाही, उलट तेल लावून चोळलं की ती जागा जास्त दुखते. त्यामुळं तेवढी जागा सोडून तेल लावा.

सासूबाई असतील तर त्यांना एक विचारा. तान्हं बाळ जन्मल्यावर आठवड्याभरात त्याची छाती सुजते का नाही? मुलगी असो का मुलगा, सुजते, कधीकधी दोन थेंब दूध पण येतं, आणि मग कुणीतरी म्हातारी ती पिळायला बसते (ते कधी करू देऊ नका, पू होतो). ते आईच्या पोटातनं आलेल्या हार्मोनमुळं होतं आणि काही आठवड्यांत आपलं आपण जातं. ह्या वयातलं त्याच जातीचं आहे, फक्त यावेळी हार्मोन पोराचं स्वतःचं आहे. घरातल्या मोठ्यांना ही गोष्ट पटकन पटते असा माझा अनुभव आहे, कारण बाळाचं त्यांनी डोळ्यानं बघितलेलं असतं.

चिकनचं म्हणाल तर ते बिचारं विनाकारण बदनाम झालंय. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत मोठी होते ती वर्षानुवर्षं निवडून केलेल्या पैदाशीमुळं आणि खाद्यामुळं, हार्मोनची इंजेक्शनं मारून नाही, एवढ्या कोंबड्यांना एकेक करून टोचत बसणं कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडणार आहे? वाढीच्या वयात तालमीत घाम गाळणाऱ्या पोराचं चिकन-अंडी बंद करणं हीच खरी चूक होईल. ह्याच वयात मुलं सगळ्यात जोरात वाढतात, ऐन भरात असताना वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढते, आणि आधी वाढतात हातपाय, धड मागनं येतं, म्हणून तर पोरगं बेढब दिसतं, ताटाला कोपर लागतं, उंबऱ्याला ठेचकाळतं आणि दर सहा महिन्यांनी चपला लहान होतात. रविवारी तांबडा-पांढरा करा की झकास, त्यानं "उष्णता" वाढून काही बाहेर पडत नाही. आजोबांच्या पद्धतीची थंडाई करत असाल तर ती पण चालू ठेवा, बदाम, खसखस, दूध, त्यात वाईट काय आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून पितात ते धारोष्ण दूध मात्र घरी आणून उकळून द्या, ते आपलं माझं डॉक्टरकीचं खूळ समजा पण द्या उकळूनच.

आता चादरीचं.

ताई, तुम्ही ते पत्रात एकाच ओळीत उरकलंत आणि छातीच्या गाठीवर दहा ओळी लिहिल्यात, पण पोरगं आतल्या आत कुढतंय ते जास्त ह्याच्यामुळं असणार असं मला वाटतं. साडेतेराव्या वर्षी झोपेत वीर्य बाहेर पडणं, ज्याला स्वप्नदोष म्हणतात, हे वयात येण्याचं अगदी नेहमीचं लक्षण आहे. तुमच्या मुलीची पाळी आली तेव्हा शरीर तयार होतंय एवढाच त्याचा अर्थ होता, इथं पण तेवढाच. अंडकोषात शुक्रजंतू बनायला लागले, वीर्याच्या पिशव्या आणि प्रोस्टेट ग्रंथी पाझरायला लागल्या, आणि झोपेत कधीतरी ते बाहेर पडलं. त्यासाठी त्यानं काही वाईट बघितलेलं असलं पाहिजे, वाईट विचार केलेला असला पाहिजे असं काही नसतं, कित्येकदा तर स्वप्न पण पडलेलं नसतं. झोपेत लिंग ताठणं तर तान्ह्या बाळांना पण होतं, त्याला कुणी दोष देतं का? कुणाला महिन्यातनं एकदा होतं, कुणाला आठवड्यातनं दोनदा, कुणाला कधीच होत नाही, तिन्ही पोरं चांगली ठणठणीत असतात.

आणि आजोबांचा तो शंभर थेंबांचा हिशोब. हा हिशोब मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की एकदा कागद घेऊन बसायलाच पाहिजे. एका वेळी बाहेर पडतं ते साधारण दीड ते पाच मिलीलिटर, आपण तीन धरू. एका मिलीला वीस थेंब, म्हणजे झाले साठ थेंब. शंभरनं गुणा, सहा हजार थेंब, म्हणजे तीनशे मिली रक्त. रक्तदान शिबिरात एका पिशवीला साडेतीनशे मिली घेतात, ते पण अठरा वर्षं पुरी झालेल्या आणि वजन बघून निवडलेल्या माणसाचं, आणि तीन महिने परत घेत नाहीत. हा हिशोब खरा असता तर महिन्यातनं चारदा चादर ओली करणारं आठवीतलं पोरगं सरळ आयसीयूतच सापडलं असतं, शाळेत मधल्या सुट्टीत फुटबॉल खेळताना दिसलं नसतं. खरं म्हणजे वीर्य रक्तापासनं आटवून बनत नाही. त्यात बहुतांश पाणी, थोडी साखर, थोडी क्षारं, अर्ध्या ग्रॅमच्याही आत प्रोटीन, आणि शुक्रजंतू, जे शरीर रोज कोटींनी नवे बनवतं आणि न वापरलेले आपले आपण जिरवून पण टाकतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं. भरपाई कशाची करायची?

तरीपण आजोबांना मूर्खात काढू नका. त्यांच्या पिढीत वस्तादांनी जे शिकवलं ते त्यांनी मनापासून पाळलं, ब्रह्मचर्य म्हणजे पहाटे उठणं, जोर-बैठका, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, वाईट संगत नको अशी सगळी शिस्तच त्या एका शब्दात बांधलेली होती आणि त्या शिस्तीनं पैलवान घडले हे खरं आहे. पण घडले ते मेहनतीनं. खासबागेच्या मैदानात कुस्त्या मारलेल्यांत लग्न झालेले, दोन-दोन पोरांचे बाप असलेले कितीतरी होते, त्यांची ताकद कुठं गेली? हा प्रश्न आजोबांना तुम्ही विचारू नका, तुम्ही सून, उगाच घरात वादाला तोंड फुटेल. त्यांना घेऊन डॉक्टरकडं या, आम्ही विचारतो. पांढऱ्या केसांच्या डॉक्टरनं सांगितलेलं पैलवान माणूस ऐकून घेतो.

ह्या भीतीला आपल्याकडच्या मानसोपचारात वेगळं नाव आहे, धात सिंड्रोम (धात किंवा धातू म्हणजे इथं वीर्य). डॉ. नरेंद्र नाथ विग ह्यांनी १९६० मध्ये ते नाव दिलं. वीर्य गेलं म्हणून ताकद गेली अशी समजूत एकदा डोक्यात बसली की माणसाला खरोखर थकवा येतो, कंबर दुखते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही, लघवी जरा पांढरट दिसली (ते बऱ्याचदा नुसते क्षार असतात) की धातू चाललं म्हणून घाम फुटतो. आजार वीर्य जाण्यानं होत नाही, भीतीनं होतो. आणि त्या भीतीवर दुकानं चालतात. स्टँडवर, रेल्वे फाटकाजवळ, आता मोबाइलवर ज्या जाहिराती येतात ना, शंभर टक्के गॅरंटी, गुप्त सल्ला, त्यातल्या अशा दाव्यांवर बंदी घालणारा कायदा देशात १९५४ पासनं आहे. मिस्टरांना सांगा, तो नंबर डिलीट करा. पुड्यांत काय घातलंय ते कुणीच लिहून देत नाही, काहींत स्टिरॉइड सापडतं, काहींत जड धातू, आणि वाढत्या पोराच्या लिव्हर-किडनीवर कसला प्रयोग करायचाय आपल्याला? पैशापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. पोराला औषध चालू केलं की त्याला एकच कळतं, मला आजार आहे. ते मग वीस-वीस वर्षं मनातनं जात नाही, लग्न ठरल्यावर असले तरणेबांड गडी घाबरून घाबरून डॉक्टरकडं येतात आणि खोदून विचारलं की कळतं, आठवी-नववीत असताना कुणीतरी असंच काहीतरी बोललं होतं.

तालमीवरनं आठवलं, ताकद वाढवायच्या पावडरी आणि इंजेक्शनं. साडेतेराव्या वर्षी ह्यातलं काहीही नको. बॉडीसाठीची स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली तर छातीची हीच गाठ कायमची बसू शकते, हाडांची वाढीची टोकं लवकर मिटून उंची खुंटते, आणि स्वतःचे अंडकोष काम बंद करतात. कुठला मोठा पोरगा "हे घे, फुगशील" म्हणून काही देतोय का तेवढी नजर ठेवा.

आता, सांगायचं कुणी? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, मुलीला मी नीट सांगितलं पण मुलाचं मला काय माहीत. मला ते फार खरं वाटलं. आपल्याकडं मुलगी वयात आली की आई, आजी, मावशी, शाळेतल्या बाई, अशा चार बायका तिच्याभोवती येतात, चूक-बरोबर काहीतरी सांगतात, पॅड आणून देतात. मुलाच्या वाट्याला कुणी येत नाही. मिसरूड फुटलं की काका हसतो, आवाज फाटला की सगळं घर हसतं, आणि बाकीचं त्यानं मित्रांकडनं नाहीतर मोबाइलवरनं शिकायचं. मोबाइलवर त्याला जे दिसतं ते बघून तर आणखीनच घाबरतो, सगळ्यांचं असं आणि माझंच तसं. तुमच्या मुलाला ते चादरीचं कुणी आधी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर पहाटे चोरून नळावर जायची पाळी आली नसती.

बापानं सांगावं. मिस्टर लाजतील, लाजू देत. समोरासमोर बसवून भाषण देऊ नका, त्यानं पोरगं गोठतं. गाडीवरनं जाताना सांगा, रंकाळ्यावर चक्कर मारताना सांगा, जिथं एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही तिथं. फार बोलायचं पण नाही. "हे बघ, तुझ्या वयात मला पण चादर धुवावी लागली होती, सगळ्यांना लागते. त्यात रोग नाही, पाप नाही. आज्जाची पिढी वेगळी, त्यांच्यावर रागवू नको. छातीचं आपण एकदा डॉक्टरला दाखवू, ते पण जातं. कपडे धुवायच्या बादलीत टाकत जा, कुणी विचारणार नाही." बास, एवढंच, आणि मग भेळ खायला घाला. तो "हूं" म्हणेल, नाहीतर काहीच म्हणणार नाही, विषय बदलेल, पण ऐकलेलं असतं सगळं. आठवडाभरानं स्वतःहून एखादा आडवळणाचा प्रश्न येईल, तेव्हा हसू नका आणि "तुला कशाला पाहिजे नसत्या चौकश्या" तर चुकूनही म्हणू नका.

आणि घरात सगळ्यांना एक सांगून ठेवा, मोठ्या बहिणीला पण, की ह्या विषयावर जेवताना एक शब्द नाही. ताटावर बसलेल्या पोराला सगळ्यांदेखत तसं बोलणं, ताई, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला घास गिळला असता का? त्याचं दार लागलेलं असेल तर टकटक करून आत जा. ह्या वयात मुलं हस्तमैथुन पण करतात, बहुतेक सगळीच कधी ना कधी, त्यानं आंधळं होत नाही, लिंग वाकडं होत नाही, लग्नानंतर मुलं व्हायला अडचण येत नाही. ती खाजगी गोष्ट आहे एवढं त्याला माहीत असलं की झालं. अभ्यास, खेळ, मित्र सगळं सोडून त्यातच गुरफटला, किंवा रात्ररात्र मोबाइलवर नको ते बघत बसला, तर मात्र बोलायला पाहिजे, पण ती वेळ तुमच्याकडं आलेली दिसत नाही.

डॉक्टरकडं नेल्यावर काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे पोराला पण सांगता येईल. कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडं चालेल, सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी हॉस्पिटलात पण दाखवता येतं. सरकारनं २०१४ पासनं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू केलाय, त्यात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळी क्लिनिक असतात, महाराष्ट्रात त्यांना मैत्री क्लिनिक म्हणतात, तिथं समुपदेशक पण भेटतात. डॉक्टर उंची-वजन घेतील, छातीची गाठ बोटांनी बघतील, ती नुसती चरबी आहे का खरी गाठ आहे हे हाताला लगेच कळतं, कुठली औषधं चालू आहेत का विचारतील. मग वाढ कुठल्या टप्प्यावर आलीय ते बघतील, टॅनर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं हे ५ टप्पे मांडलेत, जगभर तेच वापरतात. अंडकोषाचा आकार बघायला आमच्याकडं एक मण्यांची माळ असते, १ मिलीपासनं २५ मिलीपर्यंतचे अंड्याच्या आकाराचे मणी दोऱ्यात ओवलेले, ४ मिलीचा मणी जुळला म्हणजे मुलगा वयात यायला लागला. पोरं ती माळ बघून हसतात आणि तिथंच अर्धी भीती जाते. हे सगळं डॉक्टर करतात ते आई किंवा बाप, पोराला जे चालेल ते, खोलीत असताना आणि पोराला आधी विचारून. तो नको म्हणाला तर त्या दिवशी राहू दे. बहुतेक वेळा ना रक्ततपासणी लागते ना सोनोग्राफी, चार-सहा महिन्यांनी परत दाखवा म्हणतात आणि सोडतात.

कधी थांबायचं नाही ते पण ऐका. गाठ भराभर वाढायला लागली, चार सेंटिमीटरच्या वर गेली, दगडासारखी टणक लागली, बोंडातनं पाणी किंवा रक्त आलं, नाहीतर दोन वर्षं झाली तरी बसली नाही, तर तपासण्या करायलाच पाहिजेत. क्वचित कुणाची राहिली तर पुढं मोठं झाल्यावर छोटं ऑपरेशन करून काढता येते. वयात येण्याचं म्हणाल तर मुलांमध्ये नऊ ते चौदा ह्यात कधीही सुरवात झाली तरी ते ठीक, मुलींमध्ये आठ ते तेरा. नऊच्या आतच मुलाला केस, आवाज, वाढ दिसायला लागली किंवा चौदा पुरी होऊन काहीच हालचाल नाही, तर दाखवा. तुमच्या मुलाचं अगदी वेळेवर चाललंय. त्याच्या वर्गात एकाला मिशी आलेली असेल आणि एक अजून चौथीतल्यासारखा दिसत असेल, दोघांचं पण बरोबरच आहे, पण दोघांना पण आपलंच चुकलंय असं वाटत असतं.

एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगा, आणि तालमीतल्या सगळ्याच पोरांना कुणीतरी सांगायला पाहिजे. अंडकोषात अचानक जोराची कळ आली, झोपेत असो का कुस्ती करताना, उलटी झाली, एक बाजू वर ओढल्यासारखी झाली, तर लाजत बसायचं नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल. अंडकोषाला पीळ बसला तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांत सोडवला तर वाचतो, पुढं दर तासाला आशा कमी होत जाते. पोरं घरात सांगायला लाजतात, पोटात दुखतंय म्हणतात, आई ओवा देते, आणि रात्र जाते. हे ह्याच वयात सगळ्यात जास्त होतं म्हणून एवढं लिहिलं.

दुसरी पण एक. कुणी मोठा माणूस, मग तो तालमीतला असो, औषधवाला असो का नात्यातला, "बघू दाखव, तपासतो" म्हणून एकट्यात कपडे काढायला लावत असेल, मालीशच्या नावाखाली नको तिथं हात लावत असेल, तर ते मुलानं घरी सांगितलं पाहिजे आणि सांगितल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवला गेला पाहिजे. मुलग्यांच्या बाबतीत पण हे होतं आणि २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासनं वाचवणारा कायदा, मुलग्यांना पण तेवढाच लागू आहे. मदतीला १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तुमच्याकडं असं काही झालंय असं मी म्हणत नाही, पण पोरगं एकदम तालीम सोडतं तेव्हा हा प्रश्न एकदा, शांतपणे, विचारून घ्यावा.

तालमीचं काय करायचं ते आता. जबरदस्ती नको, आणि कायमची बंद पण नको. गाठ दुखतेय तोवर छातीला छाती भिडवून लढत नको, कारण तिथं धक्का लागला की डोळ्यांपुढं तारे चमकतात. दीड-दोन महिने जोर-बैठका, पळणं, दोर चढणं एवढंच करू दे, त्याला वाटलं तर अंगात टीशर्ट घालून करू दे. मिस्टरांनी वस्तादांना एकट्याला गाठून सांगावं, पोराला दुखतंय, डॉक्टरनी अमुकअमुक सांगितलंय, आणि ती नावं ठेवणं तेवढं बंद करा. वस्ताद मंडळी वरनं कडक दिसतात, पण एकदा त्यांनी दम दिला की पोरांची बडबड त्याच दिवशी थांबते, घरच्यांनी दहा वेळा जाऊन भांडल्यानं थांबत नाही. छाती करकचून फडक्यानं बांधणं, घट्ट बनियन घालणं असले उपाय करू देऊ नका.

आणि तो परत जायला लागला की लंगोट त्याचा स्वतःचाच पाहिजे, दुसऱ्याचा घालायचा नाही, रोज धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. जांघेत खाजतंय म्हणाला तर तो नायटा असणार, तालमीत तो एकाकडनं दुसऱ्याला लागतोच. मेडिकलमधनं ट्यूब आणून लावू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. जूनच्या आत दाखवा, पावसाळ्यात आपल्याकडं लंगोट वाळत नाहीत, तेव्हा दोन जादा शिवून घ्या आणि रोज आतून-बाहेरून इस्त्री फिरवून मगच द्या.